ओ देणारं तळं

फ्रिस्कोतल्या मराठी मंडळींत उल्हासरावांची कनू ठाऊक नाही असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. टेक्ससात उन्हाळ्यात गार पाण्याचा नळ सोडला तरी चटका बसतो, आणि अशा गावात लेकीच्या गॅरेजच्या छताला ही लांबलचक वल्ह्यांची होडी उलटी टांगलेली! लेक अदिती बिचारी तिच्याखाली गाडी लावायची आणि दर वेळी मान आत घेऊन उतरायची. पण ‘काढा ती’ म्हणायची टाप होती कुणाची?

उल्हासरावांनी सगळी नोकरी मिनेसोटात लोखंडाच्या खाणींवर इंजिनीअर म्हणून केली. नोकरी लोखंडाची, जीव मात्र पाण्यात. दर सप्टेंबरात, पार वर कॅनडाच्या हद्दीला लागून असलेल्या जंगलात, ते आठवडाभर कनू घेऊन जायचे. तिथे रस्ता नाही, वीज नाही, फोन नाही, नुसती तळ्याला लागून तळी. दोन तळ्यांच्या मधे कोरडी वाट आली की होडी खांद्यावर घ्यायची आणि चालत पलीकडे न्यायची, त्याला पोर्टेज म्हणतात. उल्हासराव होडी उचलायचे आणि पुढे वर्षभर त्याच्या गोष्टी सांगायचे. तंबू, भांडी, शिधा, झोपायच्या पिशव्या हे सगळं कांचन दोन-दोन फेऱ्या मारून आणायची. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात ना, तिथे दोन्ही कामं तिच्याकडेच होती.

कांचन म्हणजे त्यांची बायको, नागपूरची, फिजिक्सची एम.एस्सी. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहताही येत नव्हतं. होडीत मागे बसतो तो दिशा ठरवतो. पुढच्याने वल्हं मारायचं आणि पाण्याखालचे दगड आधी पाहून ओरडून सांगायचं. चाळीस वर्षं पुढे कांचन आणि मागे उल्हासराव. एवढ्या वर्षांत होडीत बसून तिने नवऱ्याचं तोंड कधी पाहिलं नाही, फक्त पाठीवर हुकूम झेलले. “डावीकडे! अगं डावीकडे! दगड दिसत नाही का तुला, डोळे आहेत की बटणं?”

या सगळ्या खटाटोपाचं टोक म्हणजे एक तळं. नकाशात त्याला काहीतरी नाव होतं, पण मुलं लहान असताना त्याला ‘ओ देणारं तळं’ म्हणायची. पलीकडच्या काठाला काळ्या दगडाचा उभा कडा होता. अलीकडच्या खडकावर उभं राहून हाक मारली की कडा ओ द्यायचा, एकदा नाही, चांगली तीनदा. तिथे पोचल्यावर उल्हासराव इंडियन ग्रोसरीतून मुद्दाम आणलेला नारळ खडकावर फोडायचे आणि छाती भरून हाक मारायचे, तीही स्वतःच्याच नावाची. “उल्हाऽऽस!” कडा म्हणायचा उल्हास, उल्हास, उल्हास. हे ऐकून माणूस असा तृप्त व्हायचा की जणू विठोबानेच नाव घेतलं. कांचन तेव्हा खाली बसून सुरीने खोबरं सोडवत असायची. ‘तू मार गं एक हाक’ असं तिला एकदाही कुणी म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं लेकीकडे फ्रिस्कोला आली, आणि मग उल्हासरावांचे डोळे गेले. पूर्ण नाही. बाजूबाजूचं धुरकट दिसायचं आणि मधोमध नुसता डाग. समोर माणूस उभा असला तर त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. डॉक्टरांनी गाडी बंद केली, मुलांनी जंगल बंद केलं. “बाबा, नो मोअर कनू. फायनल!” अदिती म्हणाली. पण पडले तरी नाक वर! उल्हासराव म्हणायचे, “मला डोळ्यांची गरजच काय? ती वाट माझ्या पायांना पाठ आहे.” आणि मग जो येईल त्याला धरून म्हणायचे, “एकदा, फक्त एकदा त्या कड्याची ओ ऐकू दे. मग मला खुशाल पोत्यात घाला.”

इथवर सगळं चारचौघांच्या घरात असतं तसंच होतं. नवरे हट्टी असतात, बायका सोसतात, त्यात काय मोठंसं. पण दोन वर्षांपूर्वी दिवाळीत अदितीकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ करून आणायचा. मराठी मंडळातला अंकुर नावाचा मुलगा, नवीन लग्न झालेला, पाणीपुरी खाता खाता म्हणाला, “काका, पण यार, आठवडाभर फोन नाही म्हणजे रिस्की नाही का? घरी काही इमर्जन्सी आली तर?”

उल्हासराव खुशीत होते. हसून म्हणाले, “अरे, इमर्जन्सी निघायच्या आधी आली तर जास्त पंचाईत! शहाण्णव सालची गोष्ट. सामान गाडीत चढलंय, हिची स्वारी खाली दोऱ्या बांधतेय, आणि नागपूरहून हिच्या भावाचा फोन. म्हणे आईचं काही खरं नाही, ताईला लगेच पाठवा. आता आली का पंचाईत? जंगलात शिरायचं परमिट त्याच तारखेचं! त्या दिवशी आत शिरला नाहीत तर गेलं. मी म्हटलं, हो हो सांगतो, आणि ठेवला फोन. मनात म्हटलं, परत आल्यावर सांगू. म्हातारी माणसं काय, असं करत करत दहा वर्षं काढतात.”

अंकुरची पुरी हातातच फुटली. आणि उल्हासराव? त्यांना कुणाचं तोंडच दिसत नव्हतं. ते पुढे त्या वर्षीच्या पाण्याच्या पातळीबद्दल बोलायला लागले.

कांचन स्वयंपाकघराच्या दारात गाजर हलव्याचं भांडं घेऊन उभी होती. शहाण्णव साली जंगलातून परत आली तेव्हा घरच्या फोनचं मशीन निरोपांनी भरलेलं होतं. आई जाऊन चार दिवस झाले होते. जाताना सारखी विचारायची म्हणे, कांचन आली का, कांचन निघाली का. धाकटा भाऊ राजाराम फोनवर एवढंच म्हणाला, “तुला यायचंच नव्हतं ताई.” त्यानंतर तो तिच्याशी कधी धड बोलला नाही. ती दिवाळीत नागपूरला गेली की भाऊबीजेला ओवाळून घ्यायचा, ताटात पैसे टाकायचा, पण मान वर करायचा नाही. कांचनला वाटायचं, दुःखाने कडू झालाय. पंचवीस वर्षं ती त्याची मनधरणी करत राहिली. करोनात तोही गेला. आणि आता कळलं की त्याने निरोप धाडला होता, आणि मरेपर्यंत तो हेच समजून होता की आई जात असताना बहीण निरोप ऐकून तळ्यावर मजा मारायला गेली.

तिने हलवा वाढला, वरून बदामाचे काप घातले. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. तिला माफ करावंसं वाटेना, भांडावंसंही वाटेना. भांडून काय मिळालं असतं? ‘अगं, मला काय माहीत होतं’ एवढंच. तिला त्या माणसाचं काहीतरी हिसकावून घ्यायचं होतं, तेही त्याच्या हातात आल्यासारखं वाटत असतानाच.

म्हणून यंदा ऑगस्टमध्ये ती जेवताना सहज म्हणाली, “अहो, मी नेते तुम्हाला.”

घरात एकच गोंधळ उडाला. “आई, आर यू क्रेझी? तू एकाहत्तरची आहेस!” अदिती ओरडली. कांचनने तिला बाजूला घेऊन सांगितलं, “अगं, मी कशाला लांब नेतेय? गाडी उभी राहते तिथलंच एखादं तळं बघते. एक छोटं पोर्टेज, त्याच वाटेने जायचं आणि त्याच वाटेने यायचं. त्यांना काय दिसतंय? त्यांना वाटेल पोचलो.” अदितीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आई, यू आर अ सेंट,” म्हणत तिने आईला मिठी मारली. मंडळात बातमी पसरली. नेत्रावहिनी म्हणाल्या, सत्यवानाची सावित्री दुसरी कशी असते! कांचनने मान खाली घातली. बायकांना वाटलं, लाजली.

सप्टेंबरात दोघं विमानाने मिनेसोटात उतरली. भाड्याची गाडी घेतली, वर उत्तरेत जाऊन भाड्याची होडी घेतली. ही नवीन होडी इतकी हलकी की दोघांनी दोन टोकांना धरली तर रिकाम्या पोत्यासारखी उचलली जायची. कांचनने कुठल्याशा कच्च्या रस्त्याच्या टोकाला, छोट्या तळ्याच्या काठी गाडी लावली. आभाळ गच्च भरलेलं होतं, त्यामुळे सूर्य कुठल्या बाजूला हेही कळायला मार्ग नव्हता. उल्हासराव गाडीतून उतरले, नाकाने जोरात श्वास ओढला आणि म्हणाले, “वा! हाच तो वास. डोळे बांधून आणलंस तरी ओळखीन.”

“तर काय,” कांचन म्हणाली.

मागे कोण बसणार यावरून थोडं झालं. “तुम्हाला दिसत नाही, मी मागे बसते,” ती म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती दिशेच्या जागी बसली. समोर नवऱ्याची पाठ, खांदे उतरलेले, मानेवर पांढरे केस वाढलेले. त्या पाठीकडे बघून तिला कीव आली नाही. आपल्यालाही आता हुकूम सोडता येतील, एवढंच तिच्या मनात आलं. “डावीकडे मारा,” ती म्हणाली, आणि उल्हासरावांनी मुकाट्याने डावीकडे मारलं.

पहिलं पोर्टेज आलं. सपाट वाट, पाइनच्या सुया पसरलेल्या. उल्हासराव दोन पावलं चालले आणि थबकले. “इथे चढ होता ना गं?”

“होता?” ती नुसतं म्हणाली.

ती वाट बघत उभी राहिली. आता त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, की मला कळत नाहीये, आपण कुठे आहोत ते सांग. म्हटलं असतं तर कोण जाणे, तिचं मन कदाचित द्रवलं असतं. पण ज्या माणसाने आयुष्यात पेट्रोल पंपावर सुद्धा कुणाला रस्ता विचारला नाही, तो आता विचारणार? “हां, बरोबर,” ते म्हणाले, “वादळात झाडं पडली असणार. फॉरेस्टवाल्यांनी वाट खालून वळवलेली दिसते. शहाणपणा केलाय.” आणि ताठ मानेने पुढे चालायला लागले.

पलीकडच्या तळ्यात तिने त्यांना गोल गोल फिरवलं. एकाच काठाच्या तीन फेऱ्या झाल्या. उल्हासराव सांगत होते, “आता डाव्या हाताला बेट येईल बघ.” बेट कुठलं यायला? ती म्हणायची, “आलं.” की ते खूश. दुपारी कुठूनतरी लाकडांचा ट्रक गेला. उल्हासराव म्हणाले, “गडगडतंय. पश्चिमेकडून येतोय पाऊस.” सुरुवातीला तिला हसू दाबवेना. मग हसू गेलं आणि संताप आला. हा माणूस काही न बघता, काही न विचारता, केवढ्या खात्रीने बोलतो! असाच बोलला असणार त्या दिवशी फोनवर. हो हो, सांगतो.

संध्याकाळी तीच वाट, तेच पोर्टेज, उलट्या दिशेने. “हा उतार! ओळखला की नाही?” उल्हासराव विजयाने म्हणाले. वाट सकाळी होती तेवढीच सपाट होती. दोघं परत पहिल्या तळ्यात उतरली. पाण्याचा एक अरुंद पट्टा जमिनीत शिरला होता. त्याच्या एका काठाला झाडांमागे त्यांची गाडी उभी होती. कांचनने दुसऱ्या काठाला होडी लावली. तिथेही एक खडक होता. तिने तंबू ठोकला, आत त्यांची झोपायची पिशवी पसरली, उशाशी पाण्याची बाटली आणि दशम्यांचा डबा ठेवला.

उल्हासराव खडकावर चढले. चेहरा असा उजळला होता की परक्या माणसालाही भरून आलं असतं. “आलो गं आपण,” ते म्हणाले. “मला वाटलं नव्हतं. खरंच सांगतो, वाटलं नव्हतं.” नारळ दुसऱ्या फटक्यात फुटला. थोडं पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. ते सरळ उभे राहिले, छाती भरली आणि हाक मारली.

“उल्हाऽऽस!”

समोर सखल काठ आणि दलदलीतलं गवत. हाक त्या गवतात गेली आणि संपली.

ते थांबले. मान तिरकी करून कान दिला. परत मारली, जास्त जोरात. काही नाही. तिसऱ्या वेळी आवाज फाटला आणि खोकला आला.

“कांचन,” ते म्हणाले, “मला ऐकू येत नाहीये का?”

याच क्षणासाठी ती दोन वर्षं जगली होती. सांगायचं ते पाठ होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. “ऐकू येण्याचा प्रश्न नाही हो. तुमचा आवाजच फुटत नाहीये. मी शेजारी उभी आहे, मलाही धड ऐकू आला नाही.”

खोटं, साफ खोटं. हाक चांगली खणखणीत होती. पण उल्हासराव मटकन खाली बसले. दोन्ही हात गळ्यावर ठेवले. म्हातारा रडायला लागला, लहान मुलासारखा, नाक पुसत. “डोळे गेले तर म्हटलं जाऊ देत. पण हेही? कड्याला माझा आवाजही पोचू नये?” कांचन बघत राहिली. तिला बरं वाटलं. कशाला खोटं बोला, मनापासून बरं वाटलं.

मग ते म्हणाले, “तू मार. तू मार हाक. कडा आहे ना अजून, एवढं तरी कळू दे.”

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. कांचन उभी राहिली. कुणाला हाक मारायची याचा तिने विचारही केला नव्हता. तोंड उघडलं आणि पोटातून आलं, “आऽऽई!”

आवाज असा गेला की गवतातली बदकं फडफडत उडाली. तीस वर्षांत तो शब्द तिने मोठ्याने उच्चारला नव्हता. तिलाच वाटलं, आता कुणीतरी ओ देईल. आपणच कडा नसलेल्या जागी आणलंय हे ती स्वतःच क्षणभर विसरली. ओ आली नाही.

उल्हासरावांचं रडणं थांबलं. कितीही झालं तरी इंजिनीअरचं डोकं. “तुझी हाक मोठी होती,” ते सावकाश म्हणाले. “तिला ओ यायला हवी होती.” मग आणखी हळू, “हे ते तळं नाही.”

“नाही.”

“मग कुठे आहोत आपण?”

कांचनने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि बटण दाबलं. पाण्यापलीकडून, अगदी समोरून, गाडी दोनदा पीं-पीं करून वाजली.

उल्हासरावांनी आवाजाकडे मान वळवली. “का गं?” ते म्हणाले. “का?”

“सकाळीच सांगणार होते,” ती म्हणाली. “म्हटलं, परत आल्यावर सांगू.”

त्यांना कळायला वेळ लागला. कळलं, ते तिला दिसलं. चेहरा आधी कोरा, मग आक्रसला. आता तरी हा माणूस म्हणेल, चुकलो. एवढा एकच शब्द. तो शब्द आला असता तर तिने तिथेच त्यांच्या शेजारी बसून खोबरं सोडवायला घेतलं असतं.

“अगं पण,” उल्हासराव म्हणाले, “परमिट वाया गेलं असतं.”

कांचनने मान हलवली. एवढंच ऐकायचं राहिलं होतं. तिने सुरी पुसून म्यानात घातली, डबा तंबूच्या दाराशी सरकवला आणि म्हणाली, “दशम्या आहेत. पाणी उशाशी आहे. अंधार पडायच्या आत आत जाऊन झोपा, खडकाच्या कडेला जाऊ नका.” त्यांचा खून करायला काही ती निघाली नव्हती.

“म्हणजे? तू कुठे निघालीस?”

ती होडीत बसली, मागच्या जागेवर. पट्टा अरुंद होता, हां हां म्हणता ती पलीकडच्या काठाला लागली. होडी वर ओढून ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. अजून उजेड होता. झाडांतून समोरचा खडक दिसत होता, आणि त्यावर उभा असलेला म्हातारा, भलत्याच दिशेला तोंड करून.

“कांचऽऽन!”

ती दचकली. चाळीस वर्षांत त्या माणसाने पाण्याकाठी उभं राहून स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नव्हतं. आवाज अगदी स्वच्छ येत होता, शब्द न् शब्द. “कांचन! ओ दे गं! कांचन, ऐकतेस ना?”

तिला सगळं ऐकू येत होतं. सकाळी ती त्यांना न्यायला जाणार होती, थर्मासमध्ये चहा घेऊन. तिकडे नागपूरला आईसुद्धा अशीच विचारत पडली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि डोळे भरून वाहायला लागले. पलीकडे ते हाका मारतच होते. कांचनने हात लांब केला आणि गाडीची काच वर केली.